उलटतपासणीतला एक प्रश्न

दुधात कालवलेली भाकरी. वाटीवर ताटली.

मळणीयंत्राच्या पट्ट्याचा करपट वास.

सागवानी कठड्यावर वाजणाऱ्या बांगड्या.

माणसाच्या उंचीची तूर. तिच्या पलीकडे कुणीतरी नाव घेऊन ओरडतं.

"देवाशपथ खरं सांगेन."

बायनाबाईने पदर डोक्यावर ओढला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा पुन्हा धरला. आरोपीच्या जागी गोपाळ उभा होता, तिच्या शेजारणीचा, रुख्मिणीचा एकुलता एक. बजरंगचा हात दांडक्याने मोडल्याचा गुन्हा त्याच्यावर होता. बजरंगने तसं शपथेवर सांगितलं होतं. दोघांचं बांधावरून वाकडं होतंच. त्या दिवशी मळणीयंत्रावर आपला मेव्हणा व्यंकट होता, हेही बजरंगने कबूल केलं होतं. पण मेव्हण्याने बोट लावलं नाही, म्हणाला.

बचावाकडे बायनाबाई एवढीच. तिने मारणाऱ्याला पाहिलं नव्हतं, मध्ये तूर होती. तिने ऐकलं होतं.

गोपाळची वकील उत्तरा हिने सरतपासणी सुरू केली.

"मार बसताना बजरंग काय ओरडला?"

"नाव घेऊन वरडला. मारू नको म्हणला."

"कुणाचं नाव?"

बायनाबाईने पदर आणखी पुढे ओढला.

"मावशी, कुणाचं?"

"आमच्या मामाजीचं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमच्या सासऱ्यांनी मारलं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई न्हाई साहेब! ते बाजेवर हायेत. तेंचं नाव अन् त्याचं नाव एकच हाय."

"मग तेच नाव सांगा."

"सुनेनं कसं घ्यावं, साहेब?"

रुख्मिणी मागून ताडकन उठली. "मी सांगते साहेब! मी काय त्येंची सून न्हाई!"

"ओ बाई, खाली बसा," पट्टेवाला म्हणाला.

गावात असंच चालायचं. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, कुठंही. शेजारीण नाव सांगायची आणि बायनाबाई मान हलवायची. उत्तरानेही तेच करून पाहिलं.

"ते नाव व्यं..."

"वकीलबाई," न्यायाधीशांनी हात वर केला, "उत्तर सुचवणारा प्रश्न सरतपासणीत चालत नाही. साक्षीदार तुमचाच आहे. त्याच्या तोंडून येऊ द्या."

त्याच सकाळी, कोर्टाच्या व्हरांड्यात.

"घे की एकदा. माझं लेकरू आत जायलंय, बायना."

"म्हातारं माझ्या हातानं खायलंय, रुख्मिणे. नाव घेतलं की आयुष्य उणं होतं. माझ्याच तोंडानं उणं करू?"

रुख्मिणीने वाद घातला नव्हता. तिने फक्त बायनाबाईच्या खांद्यावरचा पदर सारखा केला होता.

आता पिंजऱ्यात बायनाबाईने गोपाळकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, मिटले. पुन्हा हलले. कठड्यावर पाण्याचा थेंब पडला, तो तिने पदराने पुसून काढला. उत्तरा वाट पाहत राहिली, मग खाली बसली.

उलटतपासणीसाठी सरकारी वकील भगवानराव उठले. 'काही विचारायचं नाही' एवढं म्हटलं असतं तरी त्यांचं काम झालं असतं. उत्तराला ते कळत होतं; तिने फाईल मिटायला घेतली होती.

भगवानराव थोडा वेळ बायनाबाईच्या हातांकडे पाहत राहिले.

"बाई, बजरंग 'व्यंकट, मारू नको' असं ओरडला, असं तुमचं म्हणणं आहे का?"

उलटतपासणीत असा प्रश्न चालतो. हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं.

"व्हय साहेब."

"व्यंकट? गोपाळ नव्हे?"

"न्हाई. तुमी घेतलं तेच."

"आणखी काही नाही."

ते बसले. उत्तराने फाईल पुन्हा उघडली.

हुरड्याच्या दिवसांत निकाल लागला. गोपाळ निर्दोष सुटला. तो जामीनदाराला शोधत गेला, आणि दोघी बाया झेरॉक्सच्या टपरीपाशी भगवानरावांना आडव्या गेल्या. रुख्मिणी वाकली.

"उठा, उठा. केस माझी पडली आणि पायाही माझ्याच पडता? तुमच्या वकीलबाईंच्या पडा."

"त्येंच्या पडले की. त्या म्हणल्या, आधी तिकडं जा."

"मी माझं काम केलं. प्रश्न विचारला."

"त्येच म्हणते मी. इचारलात," रुख्मिणी म्हणाली.

बायनाबाईने फडक्याची गाठ सोडली. "तवा दिलं असतं तर लाच झाली असती. आता तरी घ्या."

भगवानरावांनी इकडेतिकडे पाहिलं, चिमूटभर हुरडा तळहातावर चोळला, फुंकर मारून कोंडा उडवला आणि तोंडात टाकला.

"गूळभेंडी ज्वारी?"

"व्हय. लय गोड निघालीय औंदा."

"सासरे कसे आहेत?"

"आज वाटी पुसून खाल्ली."

ते हसले. पुढे केलेल्या फडक्यातून त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. ताडकळसची बस लागली म्हणून गोपाळ लांबून हाका मारायला लागला, आणि दोघी पदर सावरत निघाल्या.

भगवानराव सहा वर्षांचे असताना आई त्यांना राणीसावरगावच्या शाळेत घालायला घेऊन गेली होती. गुरुजींनी मुलाच्या बापाचं नाव विचारलं, ते सांगणारं दुसरं कुणी जवळ नव्हतं, आणि दोघं तशीच घरी परत आली.