राहीचा रविवार

"तुझा देव तुला खायला घालीत असंल गं राहे, पन माझ्या ताटात त्यो काय वाढतो ते तरी सांग!"

मालनबाईनं हातोडा ढिगावर आपटला तशी आजूबाजूच्या पाच-सहा ढिगांवरची ठकठक थांबली. भांडण म्हटलं की आमच्या गावाचे हात आपोआप थांबतात. राही मात्र मान वर न करता दगड फोडत राहिली.

बाहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला होता आणि त्र्याहात्तरचा चैत्र चालू होता. पाथर्डीच्या रस्त्याकडेच्या माळावर सरकारनं खडी फोडायचं काम काढलं होतं. अख्खं गाव त्या माळावर बसलेलं. ज्यांच्या विहिरीला कधी काळी दोन मोटा चालायच्या तेही, आणि ज्यांना त्या विहिरीला शिवू देत नसत ते आम्हीही. एरवी राही मालनबाईच्या रानात खुरपायला जायची तेव्हा भाकरी वरून ओंजळीत पडायची. आता दोघी एकाच ढिगावर गुडघ्याला गुडघा लावून बसत होत्या. दुष्काळानं एवढं एक काम केलं, आणि त्याचं श्रेय मी त्याला देऊन टाकतो.

कामाची रीत अशी होती. दोघादोघांची जोडी, दोघांचा मिळून एक ढीग. बाजाराच्या दिवशी सुट्टी आणि माप. कारकून लाकडी खोकं घेऊन यायचा, ढिगातली खडी खोक्यात भरून मोजायचा. जितकी खोकी तितकी मजुरी, ती दोघांत सारखी. म्हणजे एकानं अंग चोरलं की दुसऱ्याच्या भाकरीवर यायचं. आणि राही रविवारी कामाला येत नव्हती.

ती ख्रिस्ती, मीही ख्रिस्ती. आमची वीस-बावीस घरं गावाच्या पूर्वेला, मध्ये पत्र्याचं मंदिर, आणि दर रविवारी उपासना घेणारे म्हातारे इस्राएल मास्तर. काम निघालं तेव्हा पहिल्या रविवारी आम्ही सगळेच घरी राहिलो. दुसऱ्या रविवारी निम्मे गेलो. मी त्या निम्म्यातला. देवाला मी कारण नीट समजावून सांगितलं होतं, आणि त्यानं काही हरकत घेतल्याचं मला कळलं नाही. महिन्याभरात मंदिरात मास्तर, एक आंधळी म्हातारी आणि राही, एवढीच माणसं उरली. ती म्हातारी म्हणजे राहीचीच सासू, केशरबाई. राहीचा नवरा शांतवन कोपरगावकडं काम शोधायला गेला होता, त्याचा दोन महिने निरोप नव्हता.

"मी बाकीच्या दिवसांत भरून काढीन, आक्का," राही म्हणाली.

"काय भरून काढशील? दगड काय लोनी हाय? मागल्या बाजाराला आपलाच ढीग समद्यांत कमी भरला. मुकादमानं समद्यांम्होरं माझं नाव घेतलं. आजवर कुनी माझ्या घराचं असं नाव घेतलं न्हवतं."

मुकादम गहिनीनाथ तेवढ्यात आलाच. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही मागं कुणीतरी होतं. तो म्हणाला, "बायांनो, भांडू नका, नीट ऐका. साहेबाचा हुकूम हाय. या बाजाराला ज्येचा ढीग ठरल्या खोक्यांपेक्षा कमी भरंल, ती जोडी कामावरनं कमी. वाडीवरनं पन्नास मानसं रोज इचारायला येत्यात. मी तरी किती दिस सांभाळू?"

तो गेल्यावर मालनबाईचा आवाज उतरला. ओरडत होती तेव्हा बरं वाटत होतं, आता ती नुसती थकलेली दिसत होती. घरी नवरा कमरेतून गेलेला, बैल चाऱ्याच्या छावणीत, आणि घरात खायचं ते सरकारच्या रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं.

"राही, मी तुला वाईट बोलायची न्हाई. पन ह्या ऐतवारी तू आली न्हाईस, तर मी शेजारच्या ढिगावरच्या झुंबरबाईला जोडीला घेनार. तू दुसरं कुनीबी बघ."

दुसरं कोण मिळणार होतं? रविवारी न येणारी जोडीदारीण कुणाला हवी होती? मीसुद्धा तिला घेतलं नसतं. हे सांगताना आज लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाताना मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "वैनी, देव काय एवढा कडक हाय व्हय? पोटासाठी चाललंय ह्ये. त्यो समजून घेईल."

राहीनं हातातली सुकडी पदरात बांधली. निम्मी रोज सासूसाठी न्यायची.

"भास्करभावजी, आमची रूथ तापानं फनफनली हुती तवा मी त्येला सांगितलं हुतं. तुझा एक दिस मी कदी मोडनार न्हाई, माझी एक पोरगी ऱ्हाऊ दे."

मला पुढचं माहीत होतं. नाताळाच्या दोन दिवस आधी आम्ही त्या पोरीला पुरलं होतं. खड्डा मीच खणला होता. जमीन इतकी वाळलेली की पहार लागत नव्हती.

"मंग?" मी म्हणालो. "त्यानं न्हाई ऐकलं. आता तू कशापायी पाळतीस?"

"त्यानं न्हाई ऐकलं म्हनून तर. दर ऐतवारी मी जाती आन त्येला एकच इचारती. का नेलीस म्हनून. मी माझा शबुद मोडला, तर मला इचारायला तोंड ऱ्हाईल का? त्यो म्हनंल, तू तरी कुठं पाळलास."

मी उठून आपल्या ढिगावर गेलो.

त्या दिवसापासून राहीनं दुपारची सुट्टी सोडली. सगळे बाभळीच्या विरळ सावलीत अंग टाकायचे तेव्हा ती उन्हात एकटी ठकठक करत बसायची. दगड असा तापायचा की हाताला चटके बसत. तिनं तळव्याला चिंध्या गुंडाळल्या, त्याही रक्तानं चिकटल्या. मालनबाई सावलीतून बघायची आणि कूस बदलायची. शनिवारी संध्याकाळी मुकादमानं ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दोन खोकी तरी कमी पडतील." राही ढिगाकडं बघत राहिली. चार दिवसांची तिची दुपार त्या ढिगात गेली होती आणि ढिगाला त्याचं काही नव्हतं.

रविवारी सकाळी मंदिराचा टोल झाला. आमच्याकडं घंटा नव्हती. लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला, त्यावर मास्तर लोखंडी पहार ठोकायचे. माळापर्यंत आवाज यायचा. तो ऐकू आला की मी दगड जरा जोरानं फोडायला लागायचो.

मान वर केली तर समोरून राही येत होती. हातात हातोडा, तळव्याला चिंध्या. कुणाकडं न बघता ती आपल्या जागेवर बसली, एक दगड पुढं ओढला आणि हातोडा उचलला. मी हातोडा खाली ठेवला. खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं, आता आम्ही सगळे सारखे झालो होतो.

"तू का आलीस?" मालनबाई म्हणाली.

"तुमीच तर बोलावलं, आक्का."

"आज तुझा ऐतवार हाय न्हवं?"

"व्हता."

मालनबाईनं तिच्या हातातला हातोडा धरला. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारणार. पण तिचा चेहरा भ्यालेला होता. घरात वर्षानुवर्षं जळणारा दिवा विझलेला दिसावा तसा.

"ऊठ," ती म्हणाली. "जा तिकडं."

"आक्का, दोन खोकी कमी हायत. नाव कमी हुईल तुमचं."

"हुईल तर हुईल. ऐक माझं. आमच्या घरानं कदी सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठिवलं न्हाई. म्हादेवाचा दिस. सासऱ्यानं पेरनी वाया जाऊ दिली, पन सोमवारी औत धरलं न्हाई. आता बैलं छावनीत, रान उघडं, सोमवार काय आन मंगळवार काय. मी समदं सोडलं. हात जोडायचंसुदीक सोडलं, खरं सांगती. तुला शिव्या देत हुते, पन तू तिकडं गेलीस की मला वाटायचं, गावातनं एक तरी बाई जाऊन इचारतीया. कंच्या का देवाला हुईना, इचारतीया तर खरी. आता तूबी दगडावर येऊन बसलीस, तर मंग वर इचारायला ऱ्हायलं कोन गं?"

राही हलेना. मालनबाईनं तिला खांद्याला धरून उठवलं. ज्या बाईनं इतकी वर्षं तिला कधी हात लावला नव्हता तिनं.

"जा म्हनती ना! आन आमच्या बैलांचंबी इचार. धाकटा खांड्या चारा सोडून बसलाय म्हनत्यात."

राही गेली. माळ ओलांडून जाईपर्यंत ती दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा मालनबाईनं मागून हात हलवून तिला हाकललं.

मुकादम आला आणि म्हणाला, "राही कुठाय?"

"गेलीया कामाला," मालनबाई म्हणाली.

"कसल्या कामाला?"

"तुझ्या-माझ्याच कामाला. गैरहजेरी मांड आन पुढं चल."

त्या दिवशी मालनबाईनं दुपारची सुट्टी घेतली नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा झुंबरबाई उठली, आपल्या ढिगातलं एक घमेलं भरलं आणि मालनबाईच्या ढिगावर ओतलं. मग मी दोन घमेली ओतली. आमच्या वस्तीतली जी जी माणसं रविवार सोडून तिथं बसली होती, त्यांनी एकेक ओतलं. त्यात पुण्य फारसं नव्हतं, शरमच जास्त होती. गहिनीनाथ मुकादम आमच्याकडं पाठ करून बिडी ओढत उभा होता, आणि ती बिडी त्याला चांगली अर्धा तास पुरली.

मापाच्या दिवशी ढीग भरला. वर अर्धं खोकंही राहिलं नाही, पण भरला. राहीची त्या दिवसाची गैरहजेरी कागदावर राहिली ती राहिलीच.

मंदिरात त्या रविवारी काय झालं ते मला मास्तरांनी सांगितलं. राही पोचली तेव्हा उपासना संपत आली होती. केशरबाई भिंतीला टेकून बसलेली. मास्तर दर वेळेसारखे म्हणाले, कुणाची काही विनंती असेल तर सांगा. आजवर राही यावर तोंड उघडत नसे, खाली मान घालून जे विचारायचं ते मनात विचारायची. त्या दिवशी ती उभी राहिली.

"मालनआक्काची बैलं छावनीत हायती. त्यातला धाकटा खांड्या खात न्हाई. तेवढा जगू दे म्हना."

"बरं. आन तुझ्यासाठी?"

मास्तर म्हणाले, ती चिंध्या बांधलेले हात नुसते बघत होती. त्यांना वाटलं, आता रडेल. पण ती रडली नाही.

"माझी पोरगी त्यानं ऱ्हाऊ दिली न्हाई, मास्तर. त्ये मी त्येला इचारनारच हाय, मरुस्तवर इचारनार हाय. पन आज मी त्येला सोडून गेल्ते, तर त्यानं मला सोडलं न्हाई. ज्या बाईनं मला कदी हात लावला न्हाई, तिच्या हातानं धरून माघारी आनलं. ह्येबी खरं, आन त्येबी खरं. दोन्ही सांगा त्येला."

मास्तर चाळीस वर्षं प्रार्थना करत आले होते, पण असली प्रार्थना त्यांना कुणी सांगितली नव्हती. शब्द जुळेनात म्हणाले. शेवटी डोळे मिटले, आणि तिनं सांगितलं होतं तसंच, तिच्याच बोलीत, दोन्ही सांगितलं.