रिकामा परतणारा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. रोह्याच्या महिपती सुतारांनी फणसाच्या लाकडातून मला घडविले, त्यास आता चाळीस वर्षे होत आली. सध्या माझा मुक्काम पेण येथे एका गणपतीच्या कारखान्यात आहे. माझ्या खाली-वर शंभरेक पाट रचलेले आहेत. आमच्याकडील रीत अशी, की अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ज्याने त्याने आपल्या घरचा पाट मूर्तिकारास नेऊन द्यावा, आणि भाद्रपदात त्याच पाटावर विराजमान झालेले गणराय घरी न्यावेत. पाटाच्या पोटावर घरधन्याचे नाव लिहिलेले असते. माझ्या पोटावर ‘पुंडलिक, गडब’ असे आहे; गडब हे आमचे खाडीकाठचे गाव. ते अक्षर त्यांच्या मुलीचे, किमयाचे आहे.

माझे भाग्य थोर, की दरवर्षी प्रत्यक्ष देव माझ्यावर बसतो. परंतु माझे दुःख असे, की दीड दिवसांत तो जातो. विसर्जनानंतर नदीतील मूठभर वाळू माझ्यावर ठेवतात, त्या वाळूची आरती करतात, आणि मी रिकामा घरी येतो. रिकामे परतणे म्हणजे काय, हे माझ्याइतके कोणास कळणार?

किमया लहान असताना फळीवरचे पुस्तक काढण्यासाठी एकदा माझ्यावर उभी राहिली. तिची आजी धोंडुबाई हिने तिला एक चापट दिली.

“देवाचा पाट हाय तो! पाय ठेवतेस?”

किमयाने रडत रडत मला नमस्कार केला. त्यानंतर तिने मला कधी पाय लावला नाही. मात्र वही माझ्यावर ठेवून ती अभ्यास करी. अंगणापलीकडे खाडी, आणि खाडी थोपविणारा मातीचा बांध. एके वर्षी त्या बांधास खांड पडली, म्हणजे भगदाड पडले, आणि खारे पाणी भाताच्या शेतात शिरले. तीन वर्षे तेथे गवताची काडीसुद्धा उगवली नाही. त्या दिवसापासून किमयाच्या वहीत बांधांचीच चित्रे येऊ लागली.

पुढे ती अभियंता झाली. समुद्र अडविण्याची विद्या शिकण्यासाठी हॉलंड देशाची शिष्यवृत्ती तिला मिळाली. पुंडलिकांनी गावभर पेढे वाटले. धोंडुबाईने पेढा हातात घेतला नाही.

“बांध बघाया परदेशी? आपला बांध दारात हाय की! एकदा गेलेली पोर परत येत नाय, पुंडल्या. लिहून ठेव.”

गणपती विसर्जन झाले आणि तिसऱ्या दिवशी किमया निघाली. माझ्यावरची वाळू अजून ओली होती. ती आजीच्या पाया पडण्यास वाकली, तेव्हा धोंडुबाई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. तिने वळून पाहिले नाही. किमया आशीर्वादाविना गेली. मित्रांनो, त्या दिवशी त्या घरात दोन पाट रिकामे होते, एक मी आणि दुसरी ती म्हातारी.

दुपारी चारच्या सुमारास किमयाचा फोन येई. मोबाईल जमिनीवरून घसरतो म्हणून पुंडलिक तो माझ्यावर डब्याला टेकवून ठेवीत. धोंडुबाई दाराआडून ऐके, पण बोलत नसे. फक्त एकदा न राहवून ती ओरडली, “पावच खातेस काय गो रोज? भाकरी थापता येत नाय, न बांध थापाया गेली!”

किमया हसली. आठच दिवसांत तिने स्वतः थापलेली वेडीवाकडी भाकरी फोनवर दाखविली.

मार्गशीर्षातील गोष्ट. किमयाचा चेहरा उतरलेला होता. तिने बापास नव्हे, आजीस हाक मारली.

“आजी, आज सरांनी वर्गात इचारलं, तुमच्या गावची माणसं फुटलेला बांध कसा बुजवतात? मला सांगता नाय आलं गो. मी त्यांची सगली पुस्तकं वाचली, न तुला कधी इचारलंच नाय.”

दार करकरले. धोंडुबाई येऊन माझ्यासमोर बसली. पदराने तिने मोबाईल पुसला.

“लिही. ओहोटी लागली की दोन्ही बाजूंनी सुरुवात करायची. पेंढा, चिखल, पुन्ना पेंढा, पुन्ना चिखल. मधलं तोंड शेवटी. भरतीच्या आत मिटलं पायजे. घरटी एक माणूस. घाई केली तर दर्या हसतो. लिहिलंस?”

“व्हय.”

“वाच बघू.”

किमयाने वाचून दाखविले. पूर्वी चारचौघांत मान वर न करणाऱ्या त्या मुलीने पुढच्या आठवड्यात फळ्यावर आजीचा बांध काढला आणि परक्या भाषेत पाऊण तास समजावून सांगितला. परदेशाने तिला पुष्कळ शिकविले, परंतु घरच्यांना प्रश्न विचारावा, ही तिची सर्वांत मोठी कमाई होय, असे माझे नम्र मत आहे.

चैत्रात ती बांधाची मोजमापे घेण्यास महिनाभर गडबला आली. आजी पुढे आणि नात वही घेऊन मागे, अशा दोघी रोज बांधावर फिरत. निघण्याच्या सकाळी धोंडुबाईने मला धुतले, पुसले आणि ओटीवर मांडले.

“बस गो यावर.”

किमया दोन पावले मागे सरली. “आजी, देवाचा पाट हाय!”

“मंग? तुला काय म्हशीच्या गोठ्यात बसवू? बस म्हनते ना.”

ती संकोचाने बसली. धोंडुबाईने तिला ओवाळले. बांधावरची मूठभर माती तिने माझ्या एका कोपऱ्यावर ठेवली.

“या पाटावरना जो जातो तो दर साली परत येतो. चाळीस वर्सं बघते मी. आता जा.”

त्यानंतर पुंडलिक मला पेणला घेऊन आले. आता थप्पी उतरू लागली आहे. एकेका पाटावर मूर्ती चढत आहे. किमयाची परीक्षा श्रावणात संपते असे ऐकले होते, त्यापुढचे मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी दूर शिकण्यास जात असेल, तर भिंतीकडे तोंड करून बसू नका. आणि जो पाट रिकामा राहील, तो पुसून ठेवा. माझ्या कोपऱ्यावर बांधाची माती अजून चिकटून आहे. कारागिराने फडके हातात घेतले होते, पण का कोण जाणे, तेवढी जागा त्याने पुसली नाही.