गॅलरीची सळई

मी अयुब, मूळचा दौंडचा, पण ऱ्हातो वडगाव रासाईत. तीस वर्सं स्लॅबच्या सळया बांधतोय. आजवर माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं न्हवतं. आन् आता ह्याच गावात माझं नाव काढलं तरी लोक थुंकत्यात. का, ते ऐका.

गावातल्या आण्णांच्या घराचा स्लॅब चार वर्सांमागं टाकला. रस्त्याच्या अंगाला चार फुटाची गॅलरी हुती. इंजिनियर प्रतिभा मॅडम आदल्या दिवशी बजावून गेल्या, "अयुबभाई, गॅलरीला खालून खांब नाही. तिची सळई वरच्या बाजूलाच राहिली पाहिजे. खाली दबली तर गॅलरी एक दिवस मोडणार. काँक्रीट पडेपर्यंत कुणाला पाय ठेवू देऊ नका."

मी बी कुणाला फिरकू दिलं न्हाई. पण मुहूर्ताला आण्णांच्या मंडळी, विठाबाई, नारळ घेऊन वर आल्या. मागनं भावकीतल्या धा-बारा बाया. समद्या नेमक्या गॅलरीच्या सळयांच्या जाळीवर उभ्या, कारण तिथनं खालचं लोक दिसत हुतं. हळदकुंकू काय, फोटो काय! सळया दबल्याल्या मला दिसल्या. पार तळाला टेकल्या. तवर मिक्सर सुरू झाला. विठाबाई हसून म्हणल्या, "भाऊ, घर चांगलं झालं पाहिजे बरं का." म्हणलं, शुभकामात कुठं खोडा घालायचा? एरवी नको तिथं चालती ही मेली जीभ, तवा टाळ्याला चिकटली.

विठाबाई गेल्या साली काविळीनं गेल्या. औंदा गॅलरी जिथं घराला जोडली हाय तिथं वरनं भेग पडली, ह्या टोकापासनं त्या टोकापातुर. मॅडम बघून म्हणल्या, "पाडा. उशीर करू नका." आण्णा कुठलं ऐकत्यात! "माझ्या बायकोनं हितं नारळ फोडलाय. मी जित्ता हाय तवर ह्याला घण लागायचा न्हाई." आन् रोज सकाळ-संध्याकाळ त्याच गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी खालनं जाताना रोज वर त्या भेगंकडं बघायचो.

खरं सांगायचं म्हणलं तर विठाबाईंच्या पायानं सळई दबली असं म्हणावं लागणार. म्हातारा ते ऐकून जगला नसता. शेवटाला गेलो, त्यांच्यापुढं खाली बसलो.

"आण्णा, चूक माझी हाय. सळई मीच खाली बांधली. माणसं कमी हुती, घाई केली. मॅडमचं ऐकलं न्हाई. तुमच्या पाया पडतो, गॅलरी पाडा."

आण्णा खुर्चीतनं उठले. मंग म्हणले, "पाड."

दुसऱ्या दिवशी खालनं टेकू देऊन फोडायला घेतलं. अर्धं गाव गोळा झालं. काँक्रीट निघालं तशा सळया दिसल्या, पार तळाला, गंजलेल्या. आण्णा वाकून त्या सळयांवरनं हात फिरवत राहिले. मंग माझ्याकडं वळले.

"विठा तीन वर्सं हितं बसून शेंगा फोडायची. तू खालनं जाताना तिला हाक मारायचास. तुला म्हाईत हुतं, अयुब. रोज म्हाईत हुतं."

मी मान खाली घातली. खोटं मी बोललो हुतो, पण आण्णा बोलले त्यात एक अक्षर खोटं न्हवतं.