पाच रेघा आणि एक अस्वस्थ पाय

मी एक पाट बोलतोय. जेवायला बसायचा पाट नव्हे, गिटार वाजवताना डावा पाय टेकायचा. उंची वीतभर, लांबी दीड वीत. चार वर्षं माझ्या पाठीवर एकाच बाईचा पाय आहे. तो पाय स्वस्थ असतो म्हणजे काय, हे मला अजून कळायचंय.

माझा जन्म स्पेनमधल्या मुर्सियात, पेंचोच्या अंगणात झाला. पेंचोनं उभा जन्म लिंबांच्या पेट्या ठोकण्यात घालवला. त्याची बायको फुएनसांता फळं डब्यात भरायच्या कारखान्यात होती. जर्दाळूची बी काढता काढता तिची बोटं कायमची पिवळी पडली होती. साठीला निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात एक जुनी गिटार घेऊन घरी आली.

"पाय टेकायला काहीतरी हवं म्हणतात," ती म्हणाली.

पेंचोनं पेट्यांच्या उरलेल्या फळ्यांतून मला तासाभरात उभा केला. "महिन्याभरात ती गिटार कपाटावर जाईल," तो म्हणाला. "मग हा पाट मी घेणार. कोंबड्यांना दाणे घालताना बसायला बरा आहे."

पण महिना गेला, सहा महिने गेले. फुएनसांताचा कान तिखट होता. एकदा ऐकलेलं तिच्या बोटांत उतरायचं. त्या जोरावर ती गल्लीतल्या तंतुवाद्य मंडळात गेली. दर गुरुवारी संध्याकाळी पंचवीस माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमायची. पुढे बांदुरिया, म्हणजे गिटारीहून लहान, चढ्या आवाजाची तंतुवाद्यं, मागे गिटारी. मंडळ चालवणारे हिनेस मास्तर स्वतः बांदुरिया वाजवायचे. त्यांची एकच अट होती: प्रत्येकाला कागदावरचे स्वर वाचता आले पाहिजेत.

फुएनसांताला येत नव्हते. तिनं सांगितलं, येतात.

तिच्या शेजारी कारिदाद बसायची, मंडळातली वीस वर्षांची जुनी गिटारवाली. फुएनसांता डोळ्यांच्या कोपऱ्यातून कारिदादची बोटं बघायची आणि तोंड कागदाकडे ठेवायची. कारिदादनं पान उलटलं की तीही उलटायची. वर सगळं ठीक दिसत होतं. खाली माझ्यावर तिची टाच थडथडत असे, आणि ताल सगळ्यांच्या केसभर मागे पडत असे. लबाडी कशी लपवावी हे माणसाच्या पायाला कळत नाही.

जानेवारीत एकदा मास्तरांनी नवे कागद वाटले. "नव्या तिघांनी एकेकट्यानं वाजवा. फुएनसांता, तुम्ही सुरू करा. पहिल्या ओळीपासून."

तिनं वाजवलं, आणि सुरेख वाजवलं. पण ते होतं गेल्या गुरुवारचं.

मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, हा कागद वेगळा आहे."

आधी कारिदाद हसली, मग सगळा हॉल. फुएनसांता उठली, गिटार पोतडीत कोंबली आणि निघून गेली. मी तिथेच राहिलो.

दोन आठवडे मी खुर्च्यांखाली पडून होतो. शाळेची पोरं मला लाथेनं इकडून तिकडे ढकलायची. कोंबड्यांचा पाट व्हायची वेळ आली, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

मग एका मंगळवारी ती मला न्यायला आली. मास्तर एकटेच खुर्च्या मांडत होते.

"पाट राहिला होता," ती म्हणाली.

"तुम्हीही राहा की."

"कशाला? त्या पाच रेघांवरचे काळे ठिपके मला मुंग्यांसारखे दिसतात. रेघा मोजून एकीचं नाव लावेपर्यंत बाकीच्या पळून जातात."

मास्तर खुर्चीवर बसले. "कारखान्यात पट्ट्यावरून डबे यायचे ना? एकेक डबा मोजायचात?"

"वेड लागेल मोजलं तर. डब्याला डबा लागून येत असतो. मध्ये जागा सुटली की तेवढं नजरेला खुपायचं."

"मग इथेही मोजू नका. पहिल्या ठिपक्याचं नाव घ्या. पुढचा वर चढला की खाली उतरला, आणि किती, तेवढंच बघा. आणि कुठे जागा सुटली, ते बघा."

दर मंगळवारी अर्धा तास ती यायला लागली. ती बोटांकडे बघते म्हणून मास्तर तिच्या डाव्या हातावर वर्तमानपत्र टाकायचे. घरी स्वयंपाकघरात सराव चालायचा. कांदा करपायचा, पेंचो ओरडायचा, "आज पुन्हा कोळसा खायचा का?" ती म्हणायची, "थांब, ही ओळ संपू दे." ओळ संपत नसे. मध्येच ती ताडकन उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत येऊन बसायची. एकदा तिनं कागद चुरगाळून फेकला, आणि पाचव्या मिनिटाला माझ्यावर ठेवून तळहातानं सपाट केला.

मार्चमध्ये ती पुन्हा गुरुवारी जायला लागली. एप्रिलच्या सणाची तयारी चालली होती. मंडळाचं नेहमीचं नाचाचं गाणं बसवत होते, बावीस वर्षं दर सणाला वाजवलेलं. फुएनसांताला ते तोंडपाठ होतं. तरी त्या दिवशी तिनं हट्टानं नजर कागदावर ठेवली.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली. एकच मात्रा. बाकी गिटारी पुढे गेल्या.

मास्तरांनी हात वर केला. "कोण थांबलं?"

"मी," फुएनसांता म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. कारिदाद म्हणाली, "बाई गं, इथे कुणी थांबत नाही."

"कागदावर थांबायची खूण आहे."

मास्तर आले. तो कागद त्यांच्या वडिलांनी हातानं लिहिलेला होता. मास्तर बांदुरियावाले, गिटारींचा कागद त्यांनी कित्येक वर्षांत उघडून पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं. खूण होती. त्या एका मात्रेला गिटारींनी गप्प बसायचं होतं, म्हणजे बांदुरिया एकट्या ऐकू आल्या असत्या.

"ह्या बरोबर आहेत," मास्तर म्हणाले.

"बावीस वर्षं आम्ही असंच वाजवतोय," मागून एकजण म्हणाला.

"मग बावीस वर्षं चुकतोय. तुम्ही हा कागद वाचत होतात ना?"

कारिदादचे बूट मला जवळून दिसत होते. त्यांची टोकं हळूच खुर्चीखाली गेली. तेव्हा मला कळलं की त्या रांगेत सोंग करणारी फुएनसांता एकटीच नव्हती.

सणाच्या दिवशी चौक माणसांनी भरला होता. भरतकामाचा घागरा सावरत फुएनसांतानं माझ्यावर पाय ठेवला, तेव्हा मी तिच्याबरोबर थरथरत होतो. ती मात्रा आली. ती थांबली, आणखी एकदोघं थांबले. बाकीच्यांची सवय त्यांना ओढून घेऊन गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सॉसेज खाल्लं, नाचले.

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. "एवढं रक्त आटवलं. कुणाला काही कळलं नाही."

पेंचो बूट काढत होता. त्याला सुराचं काही कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो.

"मला कळलं," तो म्हणाला.

"काय कळलं तुला?"

"तू थांबलीस ते."

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग त्याच्या शेजारी बसली.

आता कारिदादही मंगळवारी येते. आधी म्हणाली, सोबत म्हणून. मास्तरांनी तिच्याही हातावर वर्तमानपत्र टाकलं. फुएनसांता दर आठवड्याला नवा कागद आणते आणि प्रत्येक कागदापुढे पहिल्यासारखीच घाबरते. शिकून भीती गेली, असं मी तरी पाहिलेलं नाही. भीती असताना ती खुर्ची सोडून उठत नाही, एवढाच फरक.

माझा मागचा उजवा पाय खिळ्यातून सैल झालाय. तिची टाच पडली की मी कुरकुरतो आणि तिचा ताल चुकतो. कोंबड्यांना दाणे घालायला बसायलाही मी आता नालायक आहे. तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या हाताशी हातोडी असेल तर माझ्यासाठी एक खिळा खर्च करा. पेंचोला तीनदा सांगून झालंय, तो उद्या म्हणतो. उद्या नको. आज गुरुवार आहे, आणि सहा वाजता तिला नवीन पान वाचायचंय.