शेठाणीचं लेकरू

साळुबाईने पदराचा बोळा तोंडात धरला आणि मोरीवर वाकून दूध पिळून टाकलं. नळ सोडला. पांढरं पाणी जाळीत वळत गेलं तशी तिने मान फिरवली. बाळाच्या ऑपरेशनला आज तिसरा दिवस होता, आणि दिवसातून चारदा ती या मोरीवर येत होती.

परत आली तर बाकावर कंचनबाई नव्हत्या. म्हणजे आत गेल्या. साळुबाई काचेच्या दारापासून जिन्यापर्यंत गेली, जिन्यापासून दारापर्यंत आली, पुन्हा गेली.

"ओ मावशी, बसा की जरा," दारावरचा शिपाई म्हणाला. "फरशी झिजली सगळी."

"बसवत न्हाई, भाऊ."

"पोरगं त्या बाईंचं, आन् येरझाऱ्या तुमच्या?"

ती पुन्हा जिन्याकडे वळली.

तिची आधीची दोन मुलं महिन्याची व्हायच्या आत गेली होती. तिसऱ्या वेळी सासूने कुणाचं ऐकलं नाही. ओतूरच्या पेठेतल्या रिखबचंद शेठच्या कंचनबाईंना आपल्या गावी, मढला बोलावलं, पाचवीच्या दिवशी बाळाला सुपात घातलं आणि पसाभर नाचणी घेऊन त्यांना विकून टाकलं. आपलं म्हटलेलं जातं, दुसऱ्याचं राहतं. पाच वर्षांचा झाला की नाचणी परत करून सोडवून आणायचा. नावही कंचनबाईंनीच ठेवलं, प्रितम. तेव्हापासून पाच महिने साळुबाई त्याला पाजत होती, न्हाऊ घालत होती आणि कुणी विचारलं तर सांगत होती, शेठाणीचं लेकरू सांभाळते.

पोराच्या काळजाला भोक आहे असं जुन्नरच्या डॉक्टरने सांगितलं, तेव्हा कंचनबाईही पुण्याला निघाल्या. इस्पितळाच्या खिडकीवर कारकुनाने आईचं नाव विचारलं. साळुबाईच्या नवऱ्याने, हौशीरामने, न अडखळता कंचनबाई सांगितलं. फाइलवर 'कंचनबाई हौशीराम' असं वाचून त्या बिचाऱ्या पदरात तोंड घालून हसल्या होत्या. आत फक्त आईलाच सोडतात, हे ऑपरेशननंतर कळलं. मग कुणी हसलं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या कंचनबाई संध्याकाळच्या भेटीपायी दोन दिवस उपाशी निजल्या होत्या.

दार उघडलं.

"घशातली नळी काढली," कंचनबाई बाकावर टेकत म्हणाल्या. "डोळे उघडले. मला बघून तोंड वाकडं केलं मेल्यानं."

"रडला?"

"रडला. पण आवाज बसलाय गं. मांजराच्या पिल्लागत."

"हात ऊन हायेत का गार?"

"ऊन."

"दोनी?"

"एकाला सुई लावलीय. दुसरा ऊन होता, साळू, खरंच."

साळुबाईने त्यांचा हात ओढून घेतला आणि तळवा आपल्या गालाला लावून बघितला. तेवढ्यात सिस्टर फाइल घेऊन बाहेर आली.

"प्रितमची आई? चला, अंगावर पाजून बघायचंय."

कंचनबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांना दोन नातवंडं होती.

"सिस्टर, आई मीच. पण पाजते ही."

"ही कोण?"

"दाई समजा."

"मावशी, इथे दाईबिई चालत नाही. छाती शिवलेलं बाळ आहे ते. भलत्या बाईचं दूध नाही देता येत." सिस्टरने पेनाचं टोपण काढलं. "आई कोण ते एकदा नीट सांगा, मला लिहायचंय. नाहीतर पावडर देते."

हौशीराम ओतूरला फोन लावायला एसटीडी बूथवर गेला होता. साळुबाईने जिन्याकडे पाहिलं. दुसऱ्या पोराला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती 'माझा वाघ' म्हणाली होती. आठव्या दिवशी तो गेला.

"पाच वर्सं व्हायचीत, बाई."

"मी कुठं नाही म्हणते? तू म्हणशील तसं. पावडर सांगू का?"

आतून चिरका, बसलेला आवाज आला. साळुबाईच्या चोळीवर ओले डाग पसरत गेले. सिस्टरने ते पाहिलं, कंचनबाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि दार पायाने धरून ठेवलं.

आत गार होतं. सिस्टरने वायरी सांभाळत बाळाला तिच्या मांडीवर दिलं. गळ्याखालून पोटापर्यंत पांढरी पट्टी होती. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं.

"बोला त्याच्याशी. ओळखेल."

साळुबाई त्याच्या कानाशी वाकली. "मी हाय," ती म्हणाली. "मी हाय रं."

जरा वेळाने त्याने तोंड उघडलं. दोनदा दमला, थांबला, मग ओढू लागला.

"आता सांगा. काय लिहू?"

डोक्यावरच्या यंत्रात बाळाच्या ठोक्यांची एक हिरवी रेघ उड्या घेत चालली होती. साळुबाई तिच्याकडे बघत बसली. सिस्टरने घाई केली नाही.

"साळुबाई," ती इतकं हळू बोलली की सिस्टरला वाकावं लागलं. "साळुबाई हौशीराम."

"बाळाची कोण?"

"आई."

आणि तिने झटकन वर पाहिलं. रेघ चढली, उतरली, पुन्हा चढली. सिस्टर लिहून दुसऱ्या खाटेकडे निघून गेली, तरी साळुबाई पापणी न लवू देता रेघेकडे बघतच राहिली.