मोक्तारचे रोहू

"काढ ते रोहू आणि हे मागूर टाक त्यात," शफिउल मॅनेजर म्हणाला आणि बादली त्याने बुटानेच पुढे सरकवली. बादलीत काळे, मिशाळ मासे वळवळत होते.

"का सर? रोहू चांगले जिवंत आहेत की."

"आज आहेत. दर वेळी पाहुणे यायचे म्हटलं की तुझ्या या नवाबांसाठी आठ दिवस आधीपासून पंप चालवायचे. वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

मोक्तारला हसू आलं नाही. ढाक्याजवळ गाझीपूरच्या त्या कारखान्यात कापड रंगवून उरलेलं पाणी स्वच्छ करायचं काम त्याच्याकडे होतं. हवेचे पंप रात्रंदिवस चालले तर पाणी निवळायचं. बंद ठेवले तर रंगाचं पाणी तसंच मागच्या नाल्यात जायचं. पाणी खरंच निवळलंय हे गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून शेवटच्या टाकीत मासे ठेवायची तिकडे पद्धतच पडून गेली होती. मोक्तारने हौसेने रोहू पाळले होते. जात नाजूक. पाणी बिघडलं की पहाटे पोट वर करून तरंगायचे, आणि मग मॅनेजरला झक मारत पंप सुरू करावे लागायचे. मोक्तारचं कुणी ऐकत नसे, रोहूंचं ऐकावं लागे. टाकीत मागूर आले की तेही संपलं.

"सर, मागूर तर गटारातही जगतात."

"म्हणून तर आणलेत! रोहू दे नाल्यात सोडून."

"त्या नाल्यात?"

मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला, "घरी ने. कालवण कर. पण आटप लवकर."

नोकरीवर लाथ मारावी अशी मोक्तारची परिस्थिती नव्हती. त्याने जाळी घेतली.

दुपारी परदेशी गिऱ्हाइकाच्या ढाक्याच्या ऑफिसातून तपासणीला नाझनीन आली. टाकीपाशी वाकली आणि थबकली.

"मागूर? गेल्या वर्षी रोहू होते ना, भाई?"

प्रश्न मोक्तारला होता. उत्तर मॅनेजरने दिलं. "आजाऱ्याला मागूर चांगला ना, आपा. कामगारांसाठीच पाळलेत. जेवायला थांबताय ना?"

नाझनीन बोरिशालची, नद्या-खाड्यांच्या मुलखातली. मासे बघतच लहानाची मोठी झालेली. तिने मॅनेजरकडे पाहिलंच नाही. ती मोक्तारकडे बघत राहिली, बोलायला त्याला सवड देत. तो हातातली जाळी झटकत राहिला. शेवटी तिने "मासे जिवंत" असं लिहिलं आणि ती पुढे गेली. लिहिलं ते खोटं नव्हतं. मोक्तारला मात्र स्वतःचीच लाज वाटली.

तिची गाडी फाटकाबाहेर पडली आणि पंप बंद झाले.

घरी त्याची बायको जोहुरा मासे चिरायला बसली, तेवढ्यात शेजारची म्हातारी दारातून डोकावली. "गिरणीतले का गं? पोरीला नको घालूस. रंग जाईल पोटात."

जोहुराने तुकडा नाकाशी नेला. वास कसलाच नव्हता, तरी कालवण होईपर्यंत तिच्या मनातली पाल काही चुकचुकायची थांबली नाही. ताटं मांडून ती डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो, खायचे ना नक्की?"

"डोकं मला वाढ."

माशाचं डोकं त्या घरात नेहमी लेकीचं, तुलीचं. पोरगी फुरंगटून बघू लागली. मोक्तारने भात कालवला, डोकं फोडलं आणि घाई न करता शेवटपर्यंत चोखून खाल्लं. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते तिखटाने नव्हते.

"वाढ तिला," तो म्हणाला. "पाणी चांगलं होतं."