कप सांडत नाही

"पाहा, आता एक थेंब सांडत नाही," म्हणत नत्थूजींनी काठोकाठ भरलेला चहाचा कप बायकोच्या हातात दिला. शेजारच्या कौशल्याबाई बघतच राहिल्या. कुसुमावतीचा हात खरंच जराही हलला नाही.

पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा हाच हात सारखा थरथरायचा. गोळ्यांनी तो थांबला आणि नत्थूजींना आकाश ठेंगणं झालं. जन्म गांधीबागेतल्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे कापडाचे तागे उलगडण्यात गेलेला. माल दाखवायची खोड म्हातारपणी थोडीच जाते! आला-गेला कोणीही असो, कुसुमावतीच्या हातात भरला कप ठेवायचाच. तीही बिचारी हसून चहा प्यायची.

कौशल्याबाई गेल्यावर दवाखान्यात निघायचं होतं. कुसुमावती बाहेर येईना म्हणून नत्थूजी आतल्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती. पोलक्याची एक बाही चढवलेली, दुसरा हात वर होत नव्हता. पदर दातांत आवळून धरलेला आणि डोळ्यांतून धारा.

"काहून वं? काय झालं?"

"काही नाही. खांदा दुखून राहिला थोडासा."

"कधीपासून?"

"चला, उशीर होऊन राहिला."

त्यांनी हलकेच बाही चढवून दिली. थोडंसं दुखणं माणसाला असं रडवत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. ऑटोत त्यांनी तिच्या दुखऱ्या खांद्याला धक्का लागू नये असं तिला बसवलं.

"काय म्हणते तब्येत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दरवेळी उत्तर द्यायचे ते नत्थूजीच. 'एकदम झकास' अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"तिलेच विचारा, मॅडम."

"दुखतं का कुठे, काकू? झोप लागते? मन रमतं?"

कुसुमावतीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "यायले जरा बाहेर बसवा. मंग सांगीन."

"माह्यासमोर काहून नाही वं?"

"तुमी सगळ्यायले किती खुशीत सांगता, मी बरी झाली म्हणून. तुमच्यासमोर नाही बोलवत मले."

नत्थूजी उठले. बाहेरच्या बाकावर येऊन बसले. दार लागलं आणि आत तिचा आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते. मध्येच तो दाटून यायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. आपली बायको एका दमात इतकं बोलू शकते, हे ते विसरूनच गेले होते.

रांगेतला एकजण वैतागला. "लय वेळ लावून राहिल्या बाई आतमंधी."

"बोलू द्या गा तिले," नत्थूजी म्हणाले.